लिलावाला ठेवलेलं पांघरूण

ग्रोहोल्म, ५ ऑक्टोबर १९७२

प्रिय ताई,

तुझं पार्सल सोमवारच्या बोटीने पोचलं. कॉफी एक किलो, वेलदोड्यांची पुडी एक, भरतकाम केलेले चहाचे रुमाल सहा आणि तोर्लेवसाठी तंबाखू. कॉफीवर जकात अकरा क्रोन भरावी लागली, आणि धक्क्यावरून घरापर्यंत आणायला हातगाडीचा एक क्रोन वेगळा. तंबाखूवर जकात बसली नाही, कारण तू ती रुमालांच्या आत गुंडाळली होतीस. हे बरोबर नाही, ताई. पण माझ्या नवऱ्याने ती ओढायला घेतली आहे, तेव्हा आता बोलून उपयोग नाही.

रुमाल बझारसाठी होते हे कळलं, पण बझार शनिवारीच झाला. पुढच्या वर्षासाठी कागदात घालून ठेवते.

यंदा आमच्या महिला मंडळाने बचावनौकेला रडार घेऊन द्यायचं मनावर घेतलं होतं. मोजे आणि केक विकून रडार येत नाही, हे मी मार्चच्या बैठकीतच बोलले. आता ओलाउग अध्यक्ष आहे. ती म्हणाली, "मग तूच सांग काय विकायचं ते. तोर्लेवला विकतेस?" मी म्हटलं, "त्याला न्यायचं बोटभाडंसुद्धा सुटायचं नाही." सगळ्या हसल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली युक्ती चहाची. बेट सोडून गेलेल्या आपल्या लोकांना मी एकेक पाकीट पाठवलं. आत चहाची एक पुडी आणि चार ओळी: कृपा करून बझारला येऊ नका, घरी बसून हा चहा प्या, आणि बोटीचं भाडं नि केकचे पैसे वाचले ते आम्हाला पाठवा. ओलाउग म्हणाली, "येऊ नका म्हणून आमंत्रण देणारी तू पहिलीच." पण पाकिटं भरून आली. तुला पाठवलं नाही, कारण परदेशी टपाल महाग पडतं.

दुसरी युक्ती नौकेच्या जुन्या दोराची. तोर्लेवने त्याचे वीतभर तुकडे पाडले, मी टोकांना लाल दोरा गुंडाळला. अर्धे तुकडे तसेच ठेवले. अर्ध्यांना चिठ्ठी बांधली, आणि चिठ्ठीवर बेटावरून गेलेल्या आणि परत न आलेल्या एकेका होडीचं नाव. चिठ्ठीवाले तुकडे जेवणाआधीच संपले. बिनचिठ्ठीचे अजून टोपलीत पडून आहेत. हा प्रयोग मी आधी उन्हाळ्यात धक्क्यावर करून पाहिला होता, तेव्हाही असंच झालं. माणसं दोराला पैसे देत नाहीत, हे मला तेव्हाच उमगलं.

सोडत म्हणजे जुगार, असं प्रार्थनाघरातल्या वडीलधाऱ्यांचं मत तुझ्या वेळेसारखंच आहे. म्हणून मेंढीची खारवलेली मांडी टांगून तिचं वजन ओळखायला लावलं. अंदाज करणं हा जुगार नाही, असं ठरलं आहे.

शेवटी लिलाव. तोही पूर्वीसारखाच. मोन्स दुकानदार हातोडा धरतो, बोली जिंकणारा पैसे भरतो आणि "परत लावा" म्हणतो, की वस्तू पुन्हा टेबलावर. ओलाउगचं चीज पाच वेळा विकलं गेलं आणि शेवटी ओलाउगच ते काखेत मारून घरी घेऊन गेली. रडारपुरते पैसे जमले. देवाची कृपा.

तुला स्वतःचं घर मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. एक खोली असली म्हणून काय झालं. डॉक्टरांच्या स्वयंपाकघरामागे इतकी वर्षं काढलीस, आता दाराची किल्ली तुझी. पलंगामागच्या भिंतीवर तुझं पांघरूण लावायचं म्हणतेस. बघते. लोकर जुनी आहे, कसर लागली आहे का ते पाहायला हवं.

तुझी,
गुडनी


ग्रोहोल्म, २७ ऑक्टोबर १९७२

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आत घातलेली वीस क्रोनची स्वीडिश नोट परत पाठवते आहे. पांघरूण पाठवायचा खर्च मी तुझ्याकडून घेईन असं तुला वाटलंच कसं?

पण घाई कशाला करतेस? ह्या दिवसांत बोटीवर पार्सलं उघड्यावर पडलेली असतात. लोकर एकदा ओली झाली की वास जात नाही. वसंतात पाठवलेलं बरं. तोपर्यंत भिंतीवर एखादं कॅलेंडर लाव.

तू लिहितेस की बाबांच्या घरातून तुला दुसरं काही नको, तेवढं एक दे. ते मला माहीत आहे. घर आम्हाला मिळालं तेव्हा तू काही बोलली नाहीस, आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हाही नाही. तिच्या शवपेटीवर तेच पांघरूण घातलं होतं. नंतर तू ते घडी करून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "मला घर होईपर्यंत सांभाळ." मी विसरलेले नाही.

इकडचं म्हणशील तर रडार आलं. बसवायला मुख्य भूमीवरून माणूस आला होता, तो आमच्याकडेच उतरला. कॉफीचे सहा सहा कप प्यायचा. मंडळाच्या बायका माझं कौतुक करतात. ओलाउगच्या मनात पुढच्या वर्षी बझारचं छापील पत्रक काढायचं आहे, चित्रासकट. मी म्हटलं, छपाई महाग आहे. ती म्हणाली, "गुडनी, तुझ्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीचे पैसे वसूल होतात."

खाली जुन्या होडीघरात विलुम्सेन म्हणून ओस्लोचे एक निवृत्त शिक्षक राहायला आले आहेत. ते त्यांनी उन्हाळ्यात विकत घेतलं. गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांच्याकडे वॅफल घेऊन गेले होते. ते घरी नव्हते. तोर्लेव म्हणाला, "माझ्या ताटात वॅफल महिन्यातून एकदा, आणि परक्याला डबा भरून."

प्रार्थनेत तुझं नाव रोज घेते.

तुझी,
गुडनी


ग्रोहोल्म, १५ नोव्हेंबर १९७२

प्रिय ताई,

कसर लागलेली नाही. ओल लागायची भीतीही मी उगीच पुढे केली. पांघरूण माझ्याकडे नाही.

तू नव्या वर्षाच्या सुट्टीत येऊन ते स्वतः घेऊन जाते असं लिहिलं नसतंस, तर मी अजून काहीतरी रचून सांगितलं असतं. पुढचं कारणसुद्धा मनात तयार होतं. ते लिहीत नाही, लाज वाटते.

झालं ते असं. मंडळातल्या प्रत्येकीने घरातली एक चांगली वस्तू लिलावाला ठेवावी, ही सूचना माझीच. वस्तू चांगली असेल तर बोली वर चढते, आणि शेवटी वस्तू ज्याची त्याच्या घरी जाते. कुणाचं काही जात नाही. ओलाउगने चांदीची साखरदाणी ठेवली. दुसऱ्या एकीने भिंतीवरचं घड्याळ आणलं. मी घरभर फिरले. आमच्या घरात चांगलं म्हणावं असं तुझ्या पांघरुणाशिवाय काही नाही, ताई. मी आयुष्यभर काटकसर केली, चांगली वस्तू कधी घेतलीच नाही.

मी मनाशी म्हटलं, दुपारी न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं. देवाच्या कामाला दिल्यासारखं होईल आणि खर्चही होणार नाही. हे मी अगदी ह्याच शब्दांत मनाशी म्हटलं. आता लिहिताना कळतं की माझ्या देण्यात देणं नव्हतंच, आणि जे होतं ते तुझं.

मोन्सने प्रार्थनाघरात पांघरूण टेबलावर पसरलं. पहिली बोली होडी बांधणाऱ्या सिव्हर्टने जिंकली आणि तो म्हणाला, "परत लावा." दुसऱ्यांदा ओलाउगच्या भावाने जिंकली, तोही म्हणाला, "परत लावा." तिसऱ्यांदा विलुम्सेन उठले. त्यांनी एकदम अठराशे क्रोन म्हटलं. त्यांनी पैसे मोजून दिले, पांघरुणाची नीट घडी केली, आणि ते मांडीवर घेऊन खाली बसले.

मोन्स हातोडा वर धरून उभा राहिला.

"मग, विलुम्सेनसाहेब?" तो म्हणाला.

"धन्यवाद," विलुम्सेन म्हणाले.

"नाही, म्हणजे, हे आता..."

"पैसे कमी पडले का?"

"छे छे. पैसे बरोबर आहेत. म्हणजे घरी घेऊन जाणार?"

"हो. पाऊस थांबला असेल ना?"

मोन्सने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा मी उठून बोलायला हवं होतं. पण एवढी देणगी देणाऱ्या माणसाला, वस्तू परत टाका, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? आपला तो रिवाज कुठे लिहिलेला नाही, कुणी कुणाला शिकवलेला नाही. बेटावर जन्मलेल्याला तो माहीत असतो, आणि विलुम्सेन बेटावर जन्मले नाहीत. ओलाउगने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करणार. मीही वाजवल्या.

घरी येताना तोर्लेव म्हणाला, "बोर्गहिल्डला काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, "तिला कुठे आठवण असणार आहे?"

आणि सोमवारी तुझं पार्सल आलं.

ते गृहस्थ इतके पैसे का देऊन बसले, मला सांगता येत नाही. शहरातल्या लोकांकडे पैसा असतो. मी त्यांची गाठ घेईन. तू रागावली असशील. तुझ्या जागी मी असते तर रागावले असते.

गुडनी


ग्रोहोल्म, ३० नोव्हेंबर १९७२

प्रिय ताई,

तुझं कार्ड काल आलं. त्यावर एकच ओळ आहे: जुन्या पांघरुणाला अठराशे क्रोन कोण देतं, तू त्याला काय सांगितलंस?

डॉक्टरांच्या घरी राहून तू हुशार झालीस असं म्हणणार होते, पण तू आधीपासूनच होतीस. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला सांगता येत नाही. येतं.

दोराच्या तुकड्यांवरून मी शिकले होते ना, की नुसत्या वस्तूला कुणी काही देत नाही. नाव बांधलं की देतात. म्हणून लिलावाच्या आदल्या दिवशी मी मोन्ससाठी एक कागद लिहून दिला आणि म्हटलं, पांघरूण पसरण्याआधी हा वाच. तो त्याने वाचला. मोन्सचा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, डब्यातले मासे विकतानासुद्धा प्रवचन दिल्यासारखा बोलतो.

मी हाल्वोरचं नाव लिहिलं होतं. त्याची होडी धक्क्यावरून दिसेल इतक्या जवळ उलटली, आणि तो तिच्या पाठीवर कितीतरी वेळ बसून होता, आणि त्या वाऱ्यात बाहेर काढता येईल अशी एकही नौका बेटावर नव्हती, हे लिहिलं. त्याची वाग्दत्त वधू धक्क्यावर उभी होती हे लिहिलं. मागावर लग्नाचं पांघरूण अर्धं झालेलं होतं आणि तिने ते नंतर पुरं केलं, हे लिहिलं. तुझं नाव लिहिलं नाही. पण बेटावर कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. इथेच थांबले असते तर मी तुला तोंड तरी दाखवू शकले असते.

मी राखाडी पट्ट्याचंही लिहिलं, ताई. खालच्या कडेला लाल आणि निळ्याच्या मधे जी एक राखाडी ओळ आहे, ती तू त्याच्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची लोकर उसवून घातलीस, हे लिहिलं. हे तू फक्त मला सांगितलं होतंस, आपण दोघी माळ्यावर एका बिछान्यात झोपायचो तेव्हा. आईलाही सांगितलं नव्हतंस. मोन्सने ते वाचलं, मग त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पांघरूण उचलून मागच्या बाकांपर्यंत फिरवून आणलं. बायका रडल्या. माझ्या मनात तेव्हा काय आलं तेही लिहिते, म्हणजे सगळं लिहून होईल. माझ्या मनात आलं, आता बोली चढणार.

मंगळवारी विलुम्सेन घरी सापडले. पांघरूण त्यांनी भिंतीवर लावलं आहे, चुलीपासून लांब, धूर लागू नये म्हणून. राखाडी कड वर येईल असं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कॉफी ठेवली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, रिवाज आणि तुझं घर आणि सगळं.

ते म्हणाले, "म्हणजे मी ते परत द्यायचं होतं? आणि एवढी माणसं गप्प बसली?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हटलं.

"बाई, मी गेले दोन महिने तुमच्या दुकानात जातो, सगळे माझ्याशी अदबीने बोलतात. मला वाटत होतं मी लोकांना आवडलो."

मी म्हटलं, "तुमचे अठराशे क्रोन मी देईन. मंडळाकडून मागणार नाही, रडार बसलं आहे. नव्या चुलीसाठी साठवलेले आहेत माझ्याकडे, उरलेले वसंतापर्यंत भागवीन."

"पैसे नकोत. देणगी दिली ती दिली," ते म्हणाले. "ज्या बाईंनी हे विणलं त्या हयात आहेत?"

"हो. गोथेनबर्गला असतात. माझी सख्खी बहीण."

"त्या कागदावर तसं काही नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. "मी ते गाळलं."

ते भिंतीपाशी गेले आणि पांघरुणाची कड सरळ केली. त्यांची कॉफी मी घेतली नाही. मग ते म्हणाले, "मी हे तुमच्या हातात देणार नाही. राग मानू नका. तुम्ही एकदा दुसऱ्याची वस्तू देऊन बसलात. आता मी त्यांना न विचारता ती तुम्हाला दिली, तर मीही तेच केलं असं होईल. त्यांनी मला दोन ओळी लिहाव्यात, मी स्वतः गुंडाळून त्यांच्या पत्त्यावर पाठवीन. त्यांना नको असेल तर तसं लिहावं. ती गोष्ट प्रार्थनाघरात वाचली गेल्यावर त्यांना हे भिंतीवर हवं आहे की नाही, ते तुम्हाला कसं कळणार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. वस्तू परत मिळाली की सगळं पहिल्यासारखं होईल असं मी धरून चालले होते.

काल मंडळाची बैठक होती. ओलाउगने पत्रकाचा कच्चा कागद दाखवला, वरती पांघरुणाचं चित्र आणि खाली हाल्वोरची गोष्ट. मी म्हटलं, हे छापायचं नाही. ती म्हणाली, "अगं, गेल्या आठवड्यात धुक्यात सिव्हर्टची होडी रडारवर दिसली म्हणून सापडली. होडीत तो आणि त्याचा मेहुणा होते. ह्या गोष्टीनेच ते रडार आणलं. देवानेच तुला सुचवलं असेल."

मी म्हटलं, "देवाचं नाव ह्यात घालू नकोस. मी बहिणीला न विचारता तिची वस्तू आणि तिची गोष्ट दोन्ही विकली." सगळ्या बायकांसमोर म्हटलं. मग ओलाउगने कागद दुमडला आणि सूप वाढायला उठली. तुला काय वाटलं असेल हे तिने विचारलं नाही. तिचंही बरोबर आहे, मी कुठे विचारलं होतं.

सिव्हर्ट वाचला म्हणून मी देवाचे आभार मानते. ते मानताना तुझं नाव मधे येतं आणि प्रार्थना तिथे अडते.

विलुम्सेन नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारपर्यंत इथे आहेत. मग होडीघर बंद करून ईस्टरपर्यंत ओस्लोला जातील, आणि पांघरूण बरोबर नेतील, कारण बंद घरात ते कुबट होईल. म्हणून वेळ थोडा आहे. त्यांचा पत्ता असा: हेन्रिक विलुम्सेन, जुनं होडीघर, ग्रोहोल्म. एवढं पुरतं, पोस्टमन त्यांना ओळखतो. उत्तराच्या टपालाचं कूपन आत घातलं आहे, ते दिलं की तिकडच्या पोस्टात तिकीट मिळतं. ते एकच आहे, त्यांना लिहायच्या पत्रासाठी.

तुला पांघरूण हवं असेल तर हवं म्हणून लिही, नको असेल तर नको म्हणून. माझ्याविषयी त्यांना काय लिहायचं ते लिही, मी त्यांना पत्र दाखवा म्हणणार नाही. सुट्टीत यायचं ठरवलं होतंस, माळ्यावर बिछाना घालून ठेवलेला आहे. येणार नसलीस तरी तो काढणार नाही.

त्यांना उलट टपाली कळव, ताई. मला नंतर, कधी वाटलं तर.

गुडनी